को याओ नोई : कड्याला पैकीच्या पैकी, पॅकेजला काठावर पास

थायलंडच्या को याओ नोई बेटावर कडे चढायला गेलो होतो. आधी हिशेब. इथल्याच, ठाण्यातल्या एका सहलवाल्याकडे विमान सोडून माणशी ५८ हजार भरले. नाव घेत नाही, पैशांचं बोलणं अजून चालू आहे. पाच दिवस, त्यातले तीन चढाईचे. आम्ही दोघी, मी आणि माझी भाची. मी एकोणपन्नास वर्षांची. कॉलेजात असताना दर रविवारी मुंब्र्याच्या कड्यांवर दोर घेऊन जायचे, नंतरची वीस वर्षं नौपाडा ते स्टेशन एवढीच चढाई. भाची २०१६ साली नवी मुंबईत बोल्डरिंगचा (दोराशिवाय, कमी उंचीवरच्या चढाईचा) वर्ल्ड कप झाला, तो बघून या नादी लागली.

को याओ नोई म्हणजे थाई भाषेत 'छोटं लांब बेट'. फुकेत आणि क्राबीच्या मधे, फांग-न्गा उपसागरात आहे. फुकेतच्या बांग रोंग धक्क्यावरून स्पीडबोटीनं अर्धा तास. वस्ती बहुतेक मुसलमान, धंदा मासेमारी आणि रबर. रस्त्याकडेला रबराच्या पांढऱ्या लाद्या कपड्यांसारख्या वाळत घातलेल्या, त्यांचा वास नाकात बसतो. रात्री नऊला सगळं चिडीचूप. दारूपार्टीसाठी जाणाऱ्यांनी फुकेतलाच थांबावं.

आता कडा. आपला सह्याद्री बेसाल्टचा. धारदार कंगोरे, खाचा, आणि 'हा होल्ड (धरलेला दगड) हातात तर येणार नाही ना' ही कायमची धाकधूक. तिथली चुनखडी वेगळ्याच जातीची. पाण्यानं कोरलेली भोकं, वरून लोंबणारे लवणस्तंभ. पहिल्या दिवशी मी एका लवणस्तंभाला मिठी मारून उभी राहिले आणि खालून भाची ओरडली, "मावशी, तो खांब आहे, नवरा नाही, पाय हलव!" ६ए ग्रेडचा, म्हणजे मध्यम अवघड, रूट (कड्यावरची चढाईची ठरलेली वाट) दुसऱ्या प्रयत्नात झाला. हात मात्र सोलवटले. खडक खरखरीत, हवा दमट, चॉक (हाताचा घाम शोषणारी पांढरी पूड) दोन मिनिटं टिकत नाही. बोटांना गुंडाळायची चिकटपट्टी इथूनच न्या.

खरं कौतुक तिथल्या गाइडचं. चढायच्या आधी त्यानं आम्हाला बोल्ट दाखवले, म्हणजे दोर अडकवायला खडकात कायमचे बसवलेले खिळे. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट बाहेरून ठीक दिसतो, पण उष्ण खाऱ्या हवेत, चुनखडीत त्याला आतून बारीक तडे जातात आणि एखाद दिवशी नुसत्या अंगाच्या भारानं तुटू शकतो. म्हणून थायलंडच्या किनाऱ्यावरच्या कड्यांवर टायटॅनियमचे बोल्ट खास चिकटद्रव्यानं बसवतात. एका छान दिसणाऱ्या रूटवर त्यानं सरळ नकार दिला, जुने बोल्ट आहेत म्हणून. भाचीनं तोंड वाकडं केलं. मी त्याला मनात दहापैकी दहा दिले. दर वेळी गाठ आणि बिलेचं (खालून दोर धरून चढणाऱ्याला सांभाळायचं) उपकरण स्वतः तपासायचा, मी बत्तीस वर्षांपूर्वी बिले द्यायला शिकले हे सांगूनही.

तिसऱ्या दिवशी मात्र पॅकेजचं पितळ उघडं पडलं. छापील कार्यक्रमात 'दुपारी ३ वाजता नावेनं कड्याकडे, सूर्यास्ताची चढाई'. दिवस पौष पौर्णिमेचा. सकाळी पाणी पायरीला लागत होतं, तीन वाजता समोर नुसता चिखल. लांबशेपट्या नावेचा नाविक हसला आणि मान हलवली. आम्ही दोर डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलात शंभर पावलं गेलो आणि परत आलो. तिथीच्या पाऊणपटीनं भरतीची वेळ काढायचा आपला हिशेब मुंबईचा, तिथं तंतोतंत चालणार नाही हे कबूल. पण पौर्णिमेला उधाण असतं आणि ओहोटीही तेवढीच खोल जाते, हे चेंदणी कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. गाइडनं म्हणे सकाळची वेळ आधीच सुचवली होती, ठाण्याच्या सहलवाल्या साहेबांनी मेल उघडलाच नाही. दिवसाचे पैसे मागितले तर उत्तर आलं, 'निसर्गापुढे इलाज नाही.' पौर्णिमा कालनिर्णयात छापलेली असते हो!

खाण्याचं थोडक्यात. मस्सामन करी बटाटा-दाण्यांची, आपल्या जिभेला लगेच पटते. शाकाहारी असाल तर माशाचा सॉस नको हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं. रस्त्यावरची केळं घातलेली रोटी आम्ही रोज खाल्ली, चिखलाच्या दिवशी दोन-दोन.

पुढच्या खेपेला सहलवाल्याला वगळून तिथल्या गाइडशी थेट बोलणार. नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा मोसम असतो. भाचीनं त्याचा नंबर घेऊन ठेवलाय, मी पंचांग बघून तारखा काढतेय.