२५६ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये आठसुद्धा जीबी नव्हते

ऑनलाइन घेतलेल्या एका पेन ड्राइव्हपायी माझ्या ताईचे कित्येक वर्षांचे फोटो आणि कामाची कागदपत्रं गेली. ड्राइव्हवर २५६ जीबी छापलेलं होतं, कॉम्प्युटरही तेवढेच दाखवत होता, आणि आतली खरी मेमरी आठ जीबीपेक्षाही कमी निघाली. डिस्क इमेज (अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली किंवा फोल्डरमधली हुबेहूब प्रत) काढून ठेवणाऱ्या आणि बूटेबल, म्हणजे ज्यावरून कॉम्प्युटर सुरू करता येतो असा, पेन ड्राइव्ह बनवणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं, कारण ही फसवणूक आपल्याच कामात सगळ्यात उशिरा उघडी पडते.

ड्राइव्ह आल्यावर मी त्यावर पहिल्यांदा लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमची आयएसओ, म्हणजे ती इन्स्टॉल करायची इमेज फाइल, टाकली. २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्याच वेबसाइटमध्ये घुसखोरी होऊन डाउनलोडची लिंक मागचं दार (गुपचूप आत शिरण्याची छुपी वाट) बसवलेल्या आयएसओकडे वळवली गेली होती. तेव्हापासून मी कुठलीही आयएसओ एसएचए-२५६ (फाइलीत फेरफार झालेला नाही ना, हे ताडून पाहायचा आकडा) जुळवल्याशिवाय आणि डिजिटल सही तपासल्याशिवाय वापरत नाही. याही वेळी सगळं जुळलं. एचर या प्रोग्रॅमने इमेज लिहिली, लिहिलेलं परत वाचून पाहिलं आणि बरोबर असल्याचं सांगितलं. कॉम्प्युटर बूट झाला, इन्स्टॉलेशनही बिनबोभाट पार पडलं. यापुढे त्या ड्राइव्हवर कोण कशाला संशय घेईल?

पण त्या तपासणीने सिद्ध झालं होतं ते फक्त सुरुवातीच्या तीनेक जीबींपुरतं. इमेज ड्राइव्हच्या पहिल्या भागात लिहिली जाते आणि एचर जेवढं लिहितो तेवढंच वाचून पाहतो. आठ जीबीचा ड्राइव्ह २५६ म्हणून खपवणाऱ्याला हे पुरेपूर सोयीचं आहे. बूटेबल मीडियासाठी आठ जीबी बहुतेक वेळा पुरतात, आणि गिऱ्हाईक खुशीत चांगला अभिप्राय लिहून मोकळं होतं. त्या जाहिरातीखालचे कितीतरी अभिप्राय असेच होते : 'लगेच बूट झाला', 'मस्त चालतो'. ती माणसं खोटं बोलत नव्हती.

पुढे ताईच्या लॅपटॉपवर सिस्टीम नव्याने टाकायची होती. त्याआधी क्लोनझिला या प्रोग्रॅमने संपूर्ण डिस्कची इमेज काढून ती याच ड्राइव्हवर ठेवली. एकही एरर आला नाही. फोल्डर दिसत होता, फाइलींची नावं दिसत होती, आकारही बरोबर होते. लॅपटॉपची डिस्क पुसली, नवी सिस्टीम टाकली, आणि जुन्या फाइली काढायला गेलो तर इमेज उघडेचना. आत डेटाच्या जागी शून्यं भरलेली होती.

यामागची लबाडी समजून घ्या. आपली क्षमता किती, हे ड्राइव्हमधली कंट्रोलर चिप कॉम्प्युटरला सांगते, आणि कॉम्प्युटर ते मान्य करतो. स्वतंत्रपणे मोजून बघत नाही. फसवणारे त्या चिपचं फर्मवेअर, म्हणजे तिच्यातलंच सॉफ्टवेअर, बदलून खोटा आकडा भरतात. खरी मेमरी संपली की पुढचा डेटा चिप घेते, 'लिहिलं' म्हणून कळवते आणि टाकून देते. काही ड्राइव्ह तर पुन्हा सुरुवातीला जाऊन आधीच्याच डेटावर लिहितात. फाइलींची नावं आणि आकार यांची नोंद सुरुवातीच्या खऱ्या भागात असते, म्हणून यादी शाबूत दिसते. शिवाय नुकतीच कॉपी केलेली फाइल कॉम्प्युटर पुष्कळदा स्वतःच्या रॅममधून उघडून दाखवतो. ड्राइव्ह काढून परत लावल्याशिवाय केलेल्या तपासणीला म्हणूनच अर्थ नाही.

लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क होती म्हणून फोटोरेक या पुसलेल्या फाइली शोधणाऱ्या प्रोग्रॅमने काही फोटो परत मिळवले. नावं नाहीत, फोल्डर नाहीत, हजारो फाइलींचा नुसता ढीग. ताई अजून त्यातून निवडते आहे. एसएसडी असती तर तेही मिळालं नसतं, कारण ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला मोकळी करायला सांगणारी सोय) चालू असताना पुसलेला भाग परत येण्याची आशा जवळजवळ धरूच नये.

नवा ड्राइव्ह हातात आल्याबरोबर, त्यावर काहीही ठेवण्याआधी, तो पूर्ण भरून परत वाचून बघा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ हे फुकट मिळणारे प्रोग्रॅम नेमकं तेच करतात. एफ३राइट एकेका जीबीच्या फाइलींनी ड्राइव्ह भरतो, एफ३रीड त्या वाचून किती डेटा शाबूत आणि किती गेला ते सांगतो. माझ्या ड्राइव्हवर शाबूत होता जेमतेम सात जीबी. सेकंदाला १० एमबी वेगाने २५६ जीबी लिहायला सात तास लागतात, वाचायचा वेळ वेगळा. लागू द्या. रात्रभर चालू ठेवा. विंडोज २५६ जीबीच्या ड्राइव्हवर २३८ दाखवतं, त्याने मात्र घाबरू नका. तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, फसवणूक नाही.

क्लोनझिला इमेज काढून झाल्यावर ती परत वाचून तपासायचा पर्याय देतं. वेळ वाचवायला पुष्कळ जण तो वगळतात. डिस्क पुसायची असेल तर कधीही वगळू नका, आणि एकाच ड्राइव्हवरच्या एकाच इमेजच्या भरवशावर तर डिस्क पुसूच नका.

विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, "सर, एनटीएफएसमध्ये (विंडोजची फाइली साठवायची पद्धत) फॉरमॅट करून बघा." मग म्हणे, तुमचा कॉम्प्युटर जुना आहे, दुसऱ्या पोर्टला लावा. फॉरमॅट कुठलाही करा, नसलेली मेमरी येणार कुठून? वस्तू परत करण्याची मुदत उलटून जावी, एवढ्यासाठीच हा सगळा खेळ असतो. विक्रेत्याचा पुढचा डाव होता मला थोडे पैसे देऊन तक्रार मिटवण्याचा. मी नकार दिला. एफ३रीडच्या निकालाचा स्क्रीनशॉट आणि ड्राइव्हवरच्या छापील आकड्याचा फोटो जोडून तक्रार विक्रेत्याऐवजी थेट बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीकडे नोंदवली, आणि पूर्ण रक्कम परत मिळाली. तुमच्या बाबतीत असं घडलं तर विक्रेत्याशी चर्चेत दिवस घालवू नका, मुदतीच्या आत तक्रार नोंदवा.

ती जाहिरात काढून टाकली गेली. आता तेच फोटो आणि तोच मजकूर वेगळ्या विक्रेत्याच्या नावाने पुन्हा दिसतो आहे, ५१२ जीबी म्हणून.