चोवीस खोल्यांचा प्रिन्स की बत्तीस स्क्रीनचा मारिओ?

मे महिन्यात ऐरोलीला बहिणीकडे गेलो, तर भाच्याने चपला काढायच्या आधीच प्रश्न टाकला. "मामा, या सुट्टीत मला लेव्हल बनवायचीय. प्रिन्सची बनवू की मारिओची? तू दोन्ही खेळतोस ना?"

खेळतो. ऑफिसातून ठाण्याला घरी आलो की जेवणानंतरचा एक तास मी प्रिन्स ऑफ पर्शिया आणि सुपर मारिओ या जुन्या कॉम्प्युटर-व्हिडिओ खेळांच्या, लोकांनी हौसेने बनवलेल्या लेव्हल्सना (म्हणजे खेळाच्या टप्प्यांना) देतो. खेळून झालं की बनवणाऱ्याला सविस्तर लिहून कळवतो: कुठे मजा आली, कुठे अडलो, कुठे विनाकारण मेलो. पण भाच्याला काय सांगावं हे मात्र चटकन सुचेना. मुलगा नववीत जाणारा, हाताशी वडिलांचा जुना लॅपटॉप आणि सुट्टीचे पाच आठवडे. हाच प्रश्न पडलेले आणखी बरेच जण असतील, म्हणून सगळं नीट मांडतो.

माझं उत्तर आधी सांगून टाकतो: पहिली लेव्हल प्रिन्सची बनवा, मारिओकडे नंतर जा. काही जणांसाठी हे उत्तर उलटं आहे. ते कोण, तेही पुढे येईल.

प्रिन्स ऑफ पर्शिया जॉर्डन मेकनरने १९८९ साली ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी बनवला. आपल्याकडे बहुतेकांनी पाहिली ती १९९० ची डॉसवरची आवृत्ती. नौपाड्यातल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सर चहाला खाली उतरले की कोणीतरी फ्लॉपी टाकायचं, 'प्रिन्स मेगाहिट' टाइप करायचं आणि शिफ्ट-एल दाबून पुढच्या लेव्हलवर उडी मारायचं. दुसरा खेळ सुपर मारिओ वर्ल्ड, १९९० साली जपानमध्ये आलेला, १६ बिटचा. आपण लहानपणी टीव्हीला जोडून, कॅसेट फुंकून जो मारिओ खेळलो तो याच्या आधीचा, ८ बिटचा. म्हणजे मारिओ ओळखीचा असला तरी ज्या मारिओच्या लेव्हल्स सर्वात जास्त बनतात तो आपल्यापैकी अनेकांनी खेळलेलाच नाही. लेव्हल बनवताना ही गोष्ट फार आड येते. जो खेळ हातात मुरलेला नाही त्याच्या उड्यांचा अंदाज येत नाही.

आता हत्यारांकडे वळू.

प्रिन्ससाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे ॲपोप्लेक्सी हा लेव्हल एडिटर. दुसरी एसडीएलपीओपी, म्हणजे डॉसचा मूळ खेळ उकलून आजच्या कॉम्प्युटरसाठी पुन्हा लिहिलेला प्रोग्राम. दोन्ही फुकट, दोन्ही विंडोज आणि लिनक्सवर चालतात, आणि जुना लॅपटॉपही त्यांना पुरतो. ॲपोप्लेक्सी उघडली की समोर एक खोली दिसते: दहा लाद्या रुंद, तीन ओळी उंच. तीस चौकोन, बस्स. एका लेव्हलमध्ये अशा जास्तीत जास्त चोवीस खोल्या, आणि एका खोलीत एकच पहारेकरी. लादी निवडायची, चौकोनावर क्लिक करायचं. भाच्याने पहिली खोली वीस मिनिटांत उभी केली आणि एडिटरमधूनच लगेच खेळूनही पाहिली.

पहिल्या दिवशी इतकं पुरेसं असतं. पण या एडिटरची खरी गंमत खोल्या जोडण्यात आहे. प्रत्येक खोलीला डावी, उजवी, वरची आणि खालची शेजारीण कोण, हे नुसत्या क्रमांकाने ठरतं. पाचव्या खोलीच्या उजवीकडे सहावी ठेवली तरी सहावीच्या डावीकडे पाचवीच असली पाहिजे, असं बंधन नाही. उजवीकडे गेलात आणि परत डावीकडे आलात तर तुम्ही भलत्याच ठिकाणी. काही जण यातून भुलभुलैया रचतात. चांगला रचला तर तो फार सुंदर लागतो, कारण भिंतीवरची एखादी मशाल किंवा तुटकी लादी लक्षात ठेवून खेळणारा वाट शोधतो. खुणा न ठेवता रचला तर तो निव्वळ छळ होतो, आणि अशा लेव्हल्स मी अर्ध्यात सोडतो.

एका गोष्टीला नवखा हमखास अडखळतो. मूळ प्रिन्समधले खास प्रसंग लेव्हलच्या क्रमांकाला बांधलेले आहेत. हाडांचा सापळा तिसऱ्या लेव्हलला उठतो, आरसा चौथीत येतो, राजपुत्राची सावली पाचवीत औषधाची बाटली पळवते, उंदीर आठवीत येऊन बटण दाबतो. तुम्ही पाचवी लेव्हल बदललीत तरी सावलीचा प्रसंग पाचवीलाच बांधलेला राहतो. पण एसडीएलपीओपीसोबत एक साधी टेक्स्ट फाईल येते. तिच्यात आरसा कितव्या लेव्हलला, खेळ संपवायला साठऐवजी किती मिनिटं, सुरुवातीला जिवाचे तीनऐवजी किती त्रिकोण, असं बरंच काही बदलता येतं. प्रोग्रामिंगची एक ओळही लिहावी लागत नाही.

मारिओचं हत्यार म्हणजे ल्युनर मॅजिक. फुसोया या टोपणनावाच्या माणसाने ते २००० साली बाहेर आणलं आणि अजूनही ते वापरात आहे. त्याची ताकद प्रिन्सच्या एडिटरपेक्षा कितीतरी मोठी. मूळ खेळातली आडवी लेव्हल ३२ स्क्रीनपर्यंत (म्हणजे पडद्याएवढ्या ३२ तुकड्यांपर्यंत) लांब, आणि लेव्हल्ससाठी एकूण ५१२ जागा. जगाचा नकाशाही बदलता येतो. नवी चित्रं घालता येतात, नवे ठोकळे करता येतात. त्याभोवती आणखी हत्यारांचं गावच वसलंय: गाण्यांसाठी ॲडम्युझिकके, नव्या शत्रूंसाठी पिक्सी, खेळाच्या कोडमध्ये बदल घुसवण्यासाठी असार. या सगळ्यातून लोकांनी असे खेळ घडवलेत की मूळ कोणता होता हे सांगावं लागतं.

पण या ताकदीबरोबर कटकटी येतात. पहिली म्हणजे ल्युनर मॅजिकला खेळाची मूळ रॉम, म्हणजे कॅसेटमधल्या खेळाची फाईल, लागते, ती तुमची तुम्हाला आणावी लागते आणि ती कोणाला वाटता येत नाही. म्हणून लोक फक्त पॅच देतात, म्हणजे मूळ फाईल आणि बदललेली फाईल यांच्यातला फरक. तो आपल्या मूळ रॉमवर चढवायचा आणि खेळायचा. ती १६ बिटची कॅसेट आपल्याकडे सहज मिळत नाही. पुढे जाण्याआधी घरातल्या मोठ्यांशी याबद्दल बोलून घ्या. भाच्याच्या बाबतीत हा मुद्दा वजनदार ठरला.

दुसरी कटकट पाइपांची. मारिओ पाइपमध्ये उतरला की कुठे निघणार, हे ल्युनर मॅजिकमध्ये पाइपवर ठरत नाही, तो पाइप ज्या स्क्रीनमध्ये आहे त्या स्क्रीनवर ठरतं. एका स्क्रीनला एकच बाहेर जायची वाट. एकाच स्क्रीनमध्ये दोन पाइप ठेवले तर दोन्ही एकाच ठिकाणी नेतात. आणि वाट ठरवायलाच विसरलात तर मारिओ थेट बोनसच्या खोलीत जाऊन पडतो. नवख्यांच्या लेव्हल्स तपासताना हा दोष मला इतक्यांदा दिसलाय की आता प्रत्येक पाइपमध्ये मी मुद्दाम उतरून बघतो.

तिसरी कटकट मी स्वतः भोगली. ल्युनर मॅजिक सगळे बदल थेट रॉममध्ये लिहितं, बाकीची हत्यारंही तिथेच लिहितात. एका पावसाळ्यात मी सात लेव्हल्स बनवल्या, मग एका रात्री त्याच फाईलमध्ये गाणी घातली आणि कोडचा एक पॅचही. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू केला तर काळा पडदा. दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. दोन आठवड्यांचं काम गेलं. तेव्हापासून प्रत्येक हत्यार चालवण्याआधी फाईलची तारीख घातलेली प्रत ठेवतो, आणि तुम्हीही पहिल्या दिवसापासून ठेवा. प्रिन्समध्ये अशी वेळ सहसा येत नाही. लेव्हल्स वेगळ्या फाईलमध्ये, चित्रं वेगळी, आणि एसडीएलपीओपीत तुमचे बदल स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतात. मूळ खेळाला धक्का लागत नाही.

सुपर मारिओ मेकर २ चा विचारही भाच्याच्या मनात होता. हा २०१९ चा, स्विच या यंत्रावरचा खेळ. बनवायला तो सर्वात सोपा आहे. पण यंत्र विकत घ्यावं लागतं, आणि लेव्हल जगापुढे ठेवायला पैसे भरून सदस्य व्हावं लागतं. यंत्र घरात नसेल तर त्यासाठी घेऊ नका. त्यातला एक नियम मात्र मला मनापासून आवडतो: स्वतःची लेव्हल तुम्ही स्वतः पार करून दाखवल्याशिवाय ती पुढे पाठवताच येत नाही. प्रिन्स बनवा किंवा मारिओ, हा नियम स्वतःला लावून घ्या.

आता मी एखादी लेव्हल कशी तपासतो ते सांगतो, कारण निवड खरं तर इथे ठरते. मी प्रत्येक मरणाच्या वेळी स्वतःला एकच विचारतो: धोका मला आधी दिसला होता का? दिसला होता आणि तरी मेलो, तर चूक माझी. पुन्हा खेळावंसं वाटतं. दिसलाच नव्हता, तर चूक बनवणाऱ्याची.

इथे दोन्ही खेळांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. मारिओमध्ये पडदा तुमच्याबरोबर सरकतो, पुढचं थोडं थोडं दिसत राहतं. प्रिन्समध्ये पडदा सरकत नाही. खोली संपली की एकदम पुढची खोली समोर येते. धावत उडी मारून कडेपलीकडे गेलात आणि तिथे खिळे असले, तर तुम्हाला विचार करायला क्षणही मिळत नाही. हौशी प्रिन्स लेव्हल्समधला सर्वात मोठा दोष हाच. चांगला बनवणारा पलीकडच्या खोलीत कडेजवळ दोन लाद्या मोकळ्या सोडतो, म्हणजे खेळणाऱ्याला थबकता येतं, शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकता येतं. या दोन लाद्या दिसल्या की बनवणाऱ्याने स्वतःची लेव्हल खेळून पाहिलीय असं मी समजतो.

मारिओमध्ये आंधळा घात वेगळ्या रूपाने येतो: उडी मारली की डोक्यावर अचानक प्रकट होणारा अदृश्य ठोकळा. २००७ साली एका जपानी माणसाने मित्राला छळायला काइझो मारिओ वर्ल्ड बनवलं, आणि तेव्हापासून असल्या लेव्हल्सची एक जातच तयार झाली. तिच्यात कसब आहे, मी ते मानतो. पण नवखे पहिल्याच दिवशी तिची नक्कल करतात आणि बाकी काही शिकत नाहीत. मुलं मारिओकडे आधी वळली की याच वाटेने जातात, असा माझा अनुभव. प्रिन्स आधी सुचवण्याचं हे एक कारण.

दुसरं कारण भाच्याच्या लॅपटॉपवर दिसलं. प्रिन्समध्ये दार उघडणाऱ्या बटणावर पाय दिला की दार वर जातं आणि मग हळूहळू खाली येतं. पण वरची सैल लादी पडून त्याच बटणावर फुटली, तर बटण दाबलेलंच राहतं आणि दार कायम उघडं. भाच्याने वरच्या ओळीत सैल लादी ठेवली, बरोबर तिच्याखाली मधल्या ओळीत बटण, आणि दार पुढच्या खोलीत. त्याच्या मनात असं की बटण दाबून धावलं तर दार बंद झालेलं सापडावं, मग खेळणाऱ्याने वर चढावं, सैल लादीवर पाय द्यावा आणि कोडं सोडवावं. मी खेळायला बसलो, बटण दाबलं, धावलो आणि सरळ दारातून निघून गेलो. सैल लादीची गरजच पडली नाही.

त्याचा चेहरा पडला. मग त्याने मोबाइलवर स्टॉपवॉच लावून दार किती वेळात बंद होतं ते चार वेळा मोजलं, मध्ये आणखी एक खोली घातली आणि तिच्यात पहारेकरी उभा केला. आता धावत जाणाऱ्याला तलवार काढावीच लागते, तोवर दार बंद. तीस चौकोनांच्या खोलीत हे सगळं डोळ्यांसमोर असतं: काय बिघडलं, का बिघडलं, एक लादी हलवली तर काय होईल. मारिओच्या ३२ स्क्रीनमध्ये हाच दोष शोधायला त्याला आठवडा लागला असता.

दुसऱ्याची लेव्हल तपासायची असेल तर एसडीएलपीओपीमध्ये आणखी एक सोय आहे. कंट्रोल-टॅब दाबलं की तुमचा खेळ नोंदवायला सुरुवात होते. ही नोंद व्हिडिओची नसते. कोणत्या क्षणी कोणती कळ दाबली तेवढंच साठतं, म्हणून फाईल अगदी लहान. ती बनवणाऱ्याला पाठवली की मी कुठे घुटमळलो, कुठे तीनदा पडलो, हे त्याला त्याच्याच कॉम्प्युटरवर दिसतं. पानभर लिहिण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. एफ६ने खेळ जागच्या जागी साठवता येतो आणि एफ९ने परत तिथे येता येतं. तरी लेव्हलची परीक्षा घेताना मी एकदा तरी या कळांना हात न लावता पूर्ण खेळतो. साठ मिनिटांचं घड्याळ मेल्यावरही थांबत नाही, आणि त्या घड्याळाखाली लेव्हल कशी लागते हे तसं खेळल्याशिवाय कळत नाही.

मग मारिओ कोणी आधी घ्यावा? ज्याला चित्रं काढायची आहेत, गाणी घालायची आहेत, स्वतःचं अख्खं जग उभं करायचंय, त्याने. ज्याला थोडं प्रोग्रामिंग येतं किंवा शिकायचंय, त्यानेही. आणि ज्याने सुपर मारिओ वर्ल्ड मनापासून, शेवटपर्यंत खेळलाय त्याने तर नक्कीच. अशा माणसाला प्रिन्सच्या तीन ओळींत कोंडल्यासारखं होईल. फक्त सहा महिने तरी देण्याची तयारी ठेवा, आणि पहिल्या लेव्हलमध्ये नवं चित्र, नवं गाणं, नवा शत्रू यातलं काहीही घालू नका. मूळ खेळातलेच ठोकळे वापरून एक लेव्हल पूर्ण करा, मग बाकीचं.

एक-दोन महिन्यांत काहीतरी पुरं करून मित्रांना खेळायला द्यायचं असेल, तर प्रिन्स. चोवीसच्या चोवीस खोल्या भरायचा हट्टही नको. नऊ-दहा खोल्यांची नेटकी लेव्हल मला चोवीस खोल्यांच्या पसाऱ्यापेक्षा कधीही जास्त आवडते.

भाच्याने प्रिन्स घेतला. परवा त्याने अकरा खोल्यांची लेव्हल पाठवली, सोबत ती स्वतः पार केल्याची नोंदही. आठव्या खोलीच्या उजव्या कडेला, उडी संपते तिथेच, अजून खिळे आहेत. आज रात्री तेच त्याला कळवणार आहे.