मागच्या चाकांचं ‘कॅम्बर-टो अ‍ॅडजस्टमेंट’: बिलावर असलेलं, गाडीवर न झालेलं काम

बिल १२,१०० रुपयांचं आहे. मागचे दोन शॉकअप ५,६००, मागचे लिंक रॉड (वळणात गाडी कलू नये म्हणून असलेल्या बारला जोडणाऱ्या दांड्या, जोडी) १,८००, मागच्या चाकांचं कॅम्बर-टो अ‍ॅडजस्टमेंट (चाकाचा उभा कल आणि वरून पाहता आत-बाहेर वळलेला कोन जुळवणं) १,२००, व्हील अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,१००, मजुरी २,४००. गाडी साधी हॅचबॅक, ७०,००० किलोमीटर चाललेली. मालकाची तक्रार अशी होती की पुणे-सातारा रस्त्यावर ८०च्या वेगात लेन बदलली की मागची बाजू क्षणभर उशिरा येते, ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढते आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे धरावं लागतं. पैसे भरले, नव्या शॉकअपमुळे दोन दिवस गाडी घट्ट वाटली, आणि तिसऱ्या दिवशी खंबाटकी घाटात मागची बाजू पुन्हा तशीच डोलली.

या बिलातल्या दोन ओळी सरळ खोट्या आहेत आणि ते गाडीखाली न जाताही कळतं. स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी, पोलो, अल्ट्रोझ अशा गाड्यांना मागे टॉर्शन बीम असतो. म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच पोलादी तुळई, जी पुढच्या टोकाला डाव्या-उजव्या अशा दोन मोठ्या रबरी बुशवर (नळीभोवती बसवलेल्या रबरी गाद्यांवर) बॉडीला लटकते. पुढे असतात तसे लिंक रॉड तिथे नसतातच. टो किंवा कॅम्बर फिरवायला बोल्टही नसतो. स्टब अ‍ॅक्सलच्या (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) मागे शिम, म्हणजे पातळ पट्टी, घालून थोडा फरक करता येतो, पण त्यासाठी हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) उतरवावा लागतो. तसं काही केलं असेल तर शिम बिलात दिसायला हवी.

आता अलाइनमेंटचा छापील कागद बघा. त्यावर मागच्या चाकांचा टो आधी डावा +०.०४ अंश, उजवा +०.३२ अंश होता, आणि नंतर दोन्ही +०.१५, हिरव्या रंगात, म्हणजे मर्यादेत. बेरीज करा. आधी ०.३६, नंतर ०.३०. बीमला हात न लावता दोन्ही चाकांच्या टोची बेरीज बदलत नाही. मग हिरवे आकडे कुठून आले? रिमवरचा क्लॅम्प नीट न बसवता किंवा त्यावरचा टार्गेट (मशीन जी वाचतं ती पाटी) हाताने जरासा फिरवून मशीनला हवं ते दाखवता येतं. म्हणून मोजणी सुरू असताना शेजारी उभं राहा. क्लॅम्प लावल्यावर गाडी थोडी मागे-पुढे ढकलून रिमची डगमग हिशोबातून वजा करतात, ती पायरी गाळली तर आकड्यांना अर्थ उरत नाही.

दुसऱ्या ठिकाणी नेऊन मोजलं तेव्हा डावा +०.०५, उजवा +०.३१ आला. बेरीज पुन्हा ०.३६, आणि खरं निदान या बेरजेतच आहे. बेरीज कंपनीच्या मर्यादेत असून डाव्या-उजव्यात फरक असेल, तर बीम सरळ आहे, फक्त तिरका बसलाय. बेरीजच मर्यादेबाहेर असेल, तर बीम किंवा स्टब अ‍ॅक्सल वाकलाय, बहुतेक वेळा डिव्हायडरला किंवा खड्ड्यात आपटून. इथे फरकाचा निम्मा, म्हणजे ०.१३ अंश, इतका बीम फिरलेला होता. दोन बुशमधलं अंतर साधारण ११०० मिलिमीटर धरलं, तर एक बाजू अडीच मिलिमीटर मागे सरकली की एवढा कोन पडतो. डाव्या बुशचं रबर आतल्या नळीपासून अर्धगोल सुटलेलं निघालं. ब्रेक लागला की डावं चाक मागे जायचं, बीम वळायचा, दोन्ही मागची चाकं डावीकडे बघायची आणि गाडीचं नाक उजवीकडे जायचं.

ही तपासणी फुकट होते. सपाट जागी हँडब्रेक पक्का ओढा, पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच सोडून गाडी ताणा, मग रिव्हर्समध्ये तसंच. दुसऱ्या माणसाने बाजूला, गाडीच्या वाटेत न येता, उभं राहून मागचं चाक मडगार्डमध्ये पुढे-मागे सरकतं का ते पाहायचं. दोन बाजूंत फरक दिसला तर रॅम्पवर घेऊन बुशच्या ब्रॅकेटमध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवा आणि टॉर्चने रबराची कड बघा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, घोडी (गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड) लावायचीच.

त्याआधी मात्र टायर. थंड टायरमध्ये हवा ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा. मागे हवा कमी असली तरी गाडी अशीच लुळी वाटते. पुढची-मागची चाकं बदलून बघा. मागे थरथर असेल आणि अदलाबदलीनंतर ती स्टिअरिंगमध्ये आली तर दोष टायरचा.

शॉकअपच्या नावाने सर्वांत जास्त लुबाडणूक होते, तेव्हा इथे जरा थांबतो. ‘लीक आहे’ म्हणून टॉर्च मारून ओला शॉकअप दाखवतात. वरच्या बाजूला तेलाचा पुसट ओलावा हा दोष नाही. खरी गळती खालपर्यंत ओघळते आणि तिच्यावर धूळ चिकटून काळा थर बसतो. चकचकीत, स्वच्छ तेल दिसलं तर ते नुकतंच फडक्याने लावलेलं असू शकतं. पुसायला लावा, २००-३०० किलोमीटर चालवा, पुन्हा बघा. शॉकअप खरोखर गेला असेल तर उंचवट्यानंतर मागची बाजू दोन-तीनदा झुलते आणि टायरवर हाताला खळगे लागतात. लेन बदलताना उशीर आणि ब्रेकला ओढ ही लक्षणं त्याची नाहीत. बदलायचेच झाले तर जोडीने, आणि जुने डिकीत ठेवून घ्या. या मालकाला जुने मिळाले नाहीत.

दोन्ही बुश नवीन घातले: १,१०० रुपये आणि २,००० मजुरी. बुश दाबून बसवताना त्यावरची खूण कंपनीने सांगितलेल्या दिशेलाच हवी. बीमचे बोल्ट चाकं लटकत असताना पूर्ण आवळू नयेत. गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर आली की मगच शेवटचा पीळ द्यायचा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मेकॅनिकला हे आधीच विचारा. नंतरचा टो: डावा +०.१७, उजवा +०.१९.

मालकाने पक्कं बिल आणि अलाइनमेंटचे दोन्ही कागद जपून ठेवले होते, त्यामुळे ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता आली. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.