अंबा घाटात तापणारी डिझेल पिकअप: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गाडी हायवेला तापत नाही, घाटातच तापते. हे मी पहिल्याच गॅरेजमध्ये नीट सांगितलं असतं, तर तीन महिने आणि साडेदहा हजार रुपये वाचले असते. मी नुसतं "गाडी गरम होते" म्हणालो आणि समोरच्यानं पार्ट बदलायला सुरुवात केली. ज्यांची गाडी सध्या उकळतेय त्यांच्यासाठी हे सगळं लिहितोय, म्हणून थोडं लांबेल.

गाडी 2019 ची, बीएस फोर (धुराच्या प्रदूषणाच्या जुन्या नियमातली), डिझेल, एसीवाली. मागच्या जूनमध्ये सेकंडहँड घेतली तेव्हा 1,18,000 किलोमीटर झाले होते, आज 1,46,000 आहेत. माझं काम ठरलेलं आहे. करवीर आणि पन्हाळ्याकडच्या गुऱ्हाळांवरून गुळाचे रवे आणि कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून भाजीपाला भरायचा, मलकापूरवरून अंबा घाट उतरून रत्नागिरीला जायचं आणि येताना नारळ, सुपारी, सीझनला आंबा घेऊन तोच घाट चढायचा. एका बाजूनं सव्वाशे-दीडशे किलोमीटर, आठवड्यातून दोन फेऱ्या. हौद्यात बाराशे किलोच्या आसपास माल असतो.

पावसाळाभर गाडीनं काहीही त्रास दिला नाही. आता कळतंय की त्रास तेव्हाही होताच. घाटात धुकं आणि रेडिएटरवर सतत पावसाचा मारा, त्यात तो झाकला गेला. दसरा झाला, ऑक्टोबरचं ऊन पडलं आणि साखरप्याहून वर चढताना, नारळ भरलेले, दुसरा गिअर, तापमानाचा काटा मधून हलला तो थांबेचना. बॉनेटमधून गोडसर वास आला. तो कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवायला पाण्यात मिसळतात त्या द्रवाचा वास, एकदा घेतला की विसरत नाही. गाडी कडेला घेतली, रिझर्व्ह डब्यात पाणी अक्षरशः उकळत होतं. मागच्या टेम्पोवाला मदतीला आला आणि थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला लागला. मी त्याचा हात धरला. तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं की आतलं पाणी दाबानं तोंडावर येतं. पाऊण तास थांबलो, मग उघडलं.

पुढचे तीन महिने असे गेले. एका गॅरेजनं थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडं सोडणारा वॉल्व, बदलला. फरक पडला नाही म्हणून तो काढूनच टाकला आणि म्हणाले, "आता पाणी मोकळं फिरेल." दुसऱ्यानं केमिकल टाकून रेडिएटर आतून साफ केला. तिसऱ्यानं वॉटर बॉडी, म्हणजे वॉटर पंप, नवा बसवला. दोनदा कूलंट गेलं. प्रत्येक वेळी हायवेनं शिरोलीपर्यंत टेस्ट ड्राइव्ह व्हायची, काटा जागचा हलायचा नाही, मी पैसे देऊन खूश व्हायचो आणि गुरुवारी घाटात परत तेच. शेवटी एकानं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवायला सांगितलं. गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग), फेसिंग (हेड घासून सपाट करणं), मजुरी धरून पंचवीस हजारांचा अंदाज दिला. त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडीचे हप्ते चालू होते.

थर्मोस्टॅट काढण्याबद्दल स्पष्ट सांगतो, कारण हा सल्ला सर्रास मिळतो. तो काढू नका. डिझेल इंजिनला ठरावीक तापमानाला चालावं लागतं. माझ्या गाडीचा थर्मोस्टॅट 82 अंशाच्या आसपास उघडतो. तो नसताना सकाळी इंजिन गरमच व्हायचं नाही, ॲव्हरेज लिटरमागं जवळपास एक किलोमीटरनं पडलं, आणि घाटात तापायचं ते तापतच राहिलं. काही इंजिनांत तर तो काढल्यावर पाणी रेडिएटरकडं जाण्याऐवजी त्याला टाळून जाणाऱ्या बायपासमधूनच फिरतं आणि गाडी जास्त तापते.

हेड उतरवायच्या आधी एकदा दुसऱ्याला दाखवावं म्हणून उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी पाना हातात घेतला नाही. आधी विचारलं, "भावा, कुठं तापत्या ते सांग. हायवेला का घाटात? पळताना का हळू चालताना?" मी म्हटलं, "हायवेला ऐंशीनं गेली तरी काही नाही, अण्णा. घाटात दुसऱ्या गिअरला तापते. गांधीनगरच्या बाजारातल्या गर्दीत पण थोडा काटा चढतो." ते म्हणाले, "मग पाणी फिरतंय. वारं न्हाई मिळत तिला."

सगळा हिशेब त्यातच होता. हायवेला गाडीच्या वेगानंच रेडिएटरवर भरपूर हवा येते. घाटात वेग वीस-पंचवीसचा, इंजिनवर पूर्ण लोड, म्हणजे उष्णता सगळ्यात जास्त आणि पुढून येणारी हवा सगळ्यात कमी. तिथं फॅनलाच ओढावं लागतं. गाडी उलट वागली असती, म्हणजे गर्दीत ठीक आणि लोडसकट वेगात पळताना तापली असती, तर रेडिएटर आतून चोंदलाय, पंप कमी पाणी फेकतोय किंवा थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय, अशी शंका आधी घ्यायची असते.

तरी त्यांनी हेड गॅस्केटची शंका तिथल्या तिथं फेडली. गाडी गार असताना झाकण उघडलं, इंजिन चालू केलं आणि बुडबुडे येतात का बघितलं. मग रेडिएटरच्या तोंडावर निळं औषध भरलेली नळी बसवली. गॅस्केट फुटून सिलिंडरचा गॅस पाण्यात येत असेल तर ते औषध हिरवट-पिवळं पडतं. दहा मिनिटं बघत बसलो, निळं ते निळंच राहिलं. या टेस्टचे त्यांनी तीनशे रुपये घेतले. पंचवीस हजारांचं काम सांगणाऱ्यानं ती केली नव्हती, याचा मला आजही राग येतो.

मग त्यांनी मला फॅन हातानं फिरवायला लावला. इंजिन बंद, किल्ली त्यांच्या खिशात. मी पात्याला झटका दिला आणि फॅन सायकलच्या चाकासारखा गरागरा पाच-सहा फेरे फिरला. शेजारी उभ्या असलेल्या चांगल्या गाडीचा फॅन फिरवला, तर तो मधात हात घातल्यासारखा जड, अर्ध्या-पाऊण फेऱ्यात थांबला. फॅनच्या मधोमध जी गोल डबी असते तिला फॅन कपलिंग म्हणतात. आत घट्ट सिलिकॉन तेल असतं. समोरच्या तोंडावर एक छोटी स्प्रिंग किंवा पट्टी असते. रेडिएटरमधून आलेली हवा तापली की ती पट्टी वळते, आतला वॉल्व उघडतो, तेल पुढं येतं आणि फॅन इंजिनला घट्ट धरतो. माझ्या डबीवर मधून कडेकडं गेलेले काळे तेलकट ओघळ होते, त्यांवर धूळ बसलेली. तेल केव्हाच गळून गेलं होतं. पट्टा फिरतोय, फॅनही फिरताना दिसतोय, म्हणून तीन गॅरेजवाल्यांपैकी कोणी त्याला हातच लावला नव्हता.

दुसरा दोष त्यांना टॉर्च मारल्यावर दिसला. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढं असलेली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटभर फट असते. समोरून बघितलं तर सगळं स्वच्छ. वरची पट्टी काढली तर त्या फटीत नमद्यासारखा थर. चिपाडाचा भुगा, उसाच्या पाचटाचे तुकडे, मेलेले किडे आणि त्यावर चिखल. गुऱ्हाळावर वाळत घातलेल्या चिपाडातूनच मी दर फेरीला गाडी मागं घ्यायचो, तो भुगा उडून आत बसत होता. त्यांनी कंडेन्सर पुढं ओढून घेतला आणि इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं साध्या पाइपानं हळूहळू पाणी सोडलं. अर्धी बादली कचरा निघाला. तो ओला कचरा मी हातात घेऊन बघितला, उसाचा वास येत होता. प्रेशरचं पाणी जवळून मारू नका. आधी एका वॉशिंग सेंटरवर मारून घेतलं होतं, त्यात पत्र्याच्या बारीक जाळ्या एका कोपऱ्यात आडव्या झाल्यात, त्या आजही तशाच आहेत.

कपलिंग पहिल्यांदा लोकल घेतली, 2,400 रुपयांची. पैसे संपले होते. दोन महिने छान चालली आणि फेब्रुवारीच्या शेवटी परत ढिली पडली. मार्चमध्ये कंपनीची ओरिजिनल घेतली, 6,900. थर्मोस्टॅटही परत बसवला. काही जण डबी वेल्डिंग करून फॅन कायमचा जाम करून घ्यायला सांगतात. अडचणीत घरापर्यंत येण्यापुरतं ठीक आहे. रोज तसं चालवलं तर डिझेल खातं, आवाज वाढतो आणि पंपाच्या बेअरिंगवर लोड येतो.

आता पाच महिन्यांचा अनुभव. डॅशबोर्डच्या काट्यावर माझा विश्वास उरलेला नाही. माझ्या गाडीत पाणी 85 असो की 100, तो मधेच असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं ब्लूटूथचं छोटं यंत्र घेतलं, मोबाइलवर खरा आकडा दिसतो. सपाटीला 84 ते 88. लोकल कपलिंग ढिली पडली होती तेव्हा घाटात 108 बघितलेत. ओरिजिनल बसवल्यापासून एप्रिल-मेमध्ये, आंब्याच्या पेट्या भरून, दुपारच्या उन्हात अंबा घाट चढताना जास्तीत जास्त 96. एसी चालू ठेवला तर 99-100 पर्यंत जातं, म्हणून त्या चढाला मी एसी बंद करतो. ही तक्रार म्हणा, पण कोपऱ्यातल्या त्या दबलेल्या जाळ्या बघता मला ती मान्य आहे.

घाटाच्या मध्यावर 93-94 झालं की फॅन धरतो आणि समोरून 'घूं' असा मोठा आवाज सुरू होतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा दचकलो, आता तो आवाज आला नाही तर काळजी वाटते. सकाळी गाडी सुरू केल्यावरही मिनिटभर असाच आवाज येतो. रात्रभर उभ्या गाडीत तेल एका जागी साचलेलं असतं, म्हणून तसं होतं, तो बिघाड नाही.

पाण्याचं सांगायचं राहिलं. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका, आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं आत पांढरा क्षार धरतो. मी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं वापरतो आणि रंग वेगळा असलेलं कूलंट त्यात मिसळत नाही. झाकणाकडंही लक्ष द्या. त्यावर 1.1 किंवा 0.9 असा आकडा असतो, तो दाबाचा आहे. एक बारच्या आसपास दाब धरला की पाणी 100 ऐवजी 120 अंशापर्यंत उकळत नाही. रबर कडक झालेलं झाकण दाब धरत नाही, मग इंजिन ठीक असूनही पाणी बाहेर फेकतं. दीड-दोनशे रुपयांची वस्तू आहे, जुन्या गाडीला पहिल्याच दिवशी नवी बसवा.

घाटात तापलीच तर मी काय करतो तेही लिहितो. एसी बंद, केबिनचा हीटर फुल, काचा खाली. घामानं भिजायला होतं, पण हीटर इंजिनची उष्णता ओढून घेतो आणि चार-पाच अंश उतरतात. मग कडेला घेऊन न्यूट्रलला इंजिन थोडं रेसवर ठेवतो, म्हणजे पंप आणि फॅन फिरत राहतात. वाफ दिसली किंवा पाणीच सांडून गेलं असेल तर मात्र लगेच बंद. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो.

गुऱ्हाळं चालू असताना दर पंधरा दिवसांनी वरची पट्टी काढून त्या फटीत टॉर्च मारतो. गुऱ्हाळावर गाडी आता चिपाडाच्या उलट बाजूनं लावतो, मालकांना सांगून ठेवलंय. परवा बॉनेट उघडलं तेव्हा रेडिएटरचा वरचा होज पाइप क्लिपजवळ दाबून बघितला, थोडा मऊ लागला. गणपतीच्या आधी तो बदलायचाय, लक्ष्मीपुरीत किंमत विचारून ठेवलीय.