एक शाळेत, एक घरी

आमच्या घरात सकाळी सहाला एकच गजर होतो आणि तो थोरल्यासाठी असतो. डबा, पाण्याची बाटली, हमखास हरवलेला एक मोजा, सात वीसची बस. तो गेला की घर शांत होतं. धाकटी आठ-साडेआठला आपली आपण उठते. गेली पाच वर्षं हे असंच चाललंय. तो नववीत आहे. ती अकरा वर्षांची आहे आणि पहिलीनंतर शाळेत गेलेली नाही. कितवीत आहे असं कुणी विचारलं की आम्ही एकमेकांकडे बघतो. शेजारच्या काकूंना मी ‘सहावी’ सांगून टाकते, विषय संपतो.

‘आम्हीपण काढू का गं शाळेतून?’ असा फोन महिन्या-दोन महिन्यांनी येतोच. दोन्ही प्रकार एकाच छपराखाली असल्यामुळे लोकांना वाटतं, हिला नक्की माहीत असणार. जे माहीत आहे ते लिहिते.

फोन करणारी बहुतेक माणसं मुलाबद्दल बोलतात. तो हुशार आहे पण वर्गात कंटाळतो, ती बुजरी आहे, बाई ओरडतात. मी ऐकून घेते आणि विचारते, ‘दिवसा घरी कोण असतं?’ मग पलीकडे जरा शांतता. मूल कसं आहे यावर हा निर्णय जेवढा ठरतो, त्याहून जास्त घर कसं आहे यावर ठरतो. शाळा शिकवते तर खरंच, पण ती रोज सहा-सात तास मूल सांभाळतेही, आणि त्या तासांत आई-बाप नोकरी करतात. होमस्कूलिंग म्हणजे ते तास परत आपल्या अंगावर घेणं. आणि ‘आपल्या’ म्हणजे कुणाच्या, हे आधी स्पष्ट बोलून घ्या. मला माहीत असलेल्या बहुतेक घरांत ते आईच्याच अंगावर आलेत. आमच्याकडेही. नवरा चाकणला शिफ्टमध्ये, मी घरून हिशेबाची कामं करते. सासरे आमच्यासोबत राहतात म्हणून हे निभावतं. ते नसते तर मी दुसऱ्याच वर्षी हात टेकले असते.

दिवस नेमका कसा जातो

थोरल्याचा दिवस ठरलेला. शाळा, क्लास, गृहपाठ, आणि रात्री ‘उद्या प्रोजेक्ट द्यायचंय’ हे नऊ वाजता आठवणं. मला त्यात फारसं डोकं घालावं लागत नाही, आणि हे सुख लहान नाही.

धाकटीचा पाटी-वही घेऊन बसायचा अभ्यास जेमतेम दोन-अडीच तासांचा. एकटीला शिकवायचं तर त्याहून जास्त लागतच नाही. वर्गात हजेरी, वह्या तपासणं, चाळीस जणांना गप्प करणं यात जाणारा वेळ इथे वाचतो. पुस्तकं बालभारतीचीच, ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतात. ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे जुने अंकही तिथे आहेत. १९७१ पासूनचे. ती ते एकामागून एक फस्त करते. ही आवड मी लावलेली नाही, दुपार मोकळी होती म्हणून लागली.

बाकीचा दिवस घरात विरघळून जातो. अपूर्णांक ती सासऱ्यांकडे शिकली. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे अजून पाठ आहेत. मंडईत त्यांनी तिला पिशवी धरायला लावली आणि विचारलं, ‘गवार ऐंशी रुपये किलो, तीन पाव घेतली, किती द्यायचे?’ ती बोटं मोजायला लागली तसे ते चालीत म्हणाले, ‘एक पाव पाव, बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण...’ भाजीवाल्या मावशी पुढचं म्हणाल्या, ‘चार पाव एक!’ आणि मोकळ्या झाल्या. साठ रुपये. त्या आठवड्यात घरातली प्रत्येक वस्तू पाव-अर्धा-पाऊणमध्ये मोजली गेली, माझी कणीकसुद्धा. थोरला हाच धडा शाळेत रंगवलेल्या वर्तुळांवरून शिकला होता. परीक्षेत गुण त्याला चांगले होते, पण दीडपट कृती करायची झाली की तो अजून मोबाइल काढतो.

असे दिवस ऐकले की लोकांचे डोळे चमकतात. म्हणून दुसराही सांगते. मार्चएंड, माझे तीन क्लायंट एकदम लाइनवर, सासरे गावी गेलेले. दुपारचे साडेबारा, पोरगी रात्रीच्याच कपड्यांत सोफ्यावर, हातात टॅब, ताटात सकाळचे पोहे वाळलेले. असे सलग नऊ दिवस गेले. शाळेत वाईट शिक्षक मिळाला तरी त्या दिवशी किमान तास झाले असते. घरी मी गळपटले की सगळी शाळाच बंद.

कुठे शाळा सरळ पुढे आहे

कंटाळवाण्या सरावात. पुस्तकं वाचणारी, फुलपाखरांची नावं धडाधड सांगणारी माझी मुलगी नवव्या वर्षापर्यंत भागाकार टाळत होती, आणि मी तिला टाळू देत होते. ‘येईल तेव्हा येईल’ म्हणत. आला नाही. मग सलग दोन महिने रडारड करून तो बसवावा लागला. शाळेत तो तिसरी-चौथीत निमूट होऊन गेला असता. लिहिण्याचंही तसंच. थोरला तीन तास पेपर लिहून येतो. तिचा हात वीस ओळींत दुखतो.

दुसरं म्हणजे, मी तिची आई आहे. तिने मराठीत ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं की मी चिडते, ती रुसते, आणि भांडण शुद्धलेखनावरून सुरू होऊन खोली आवरण्यावर जातं. बाहेरच्या बाईंनी तेच सांगितलं की ती गपचूप दुरुस्त करते. म्हणून आता गणित आणि इंग्रजीला बाहेर शिकवणी आहे. थोडक्यात, शाळा नको म्हणून काढलं आणि क्लास लावला. हसू येतं, पण आहे हे असं आहे.

मित्रमैत्रिणींचा प्रश्न सगळे पहिला विचारतात आणि मला तो सर्वांत कमी महत्त्वाचा वाटतो. पुण्यासारख्या शहरात होमस्कूलिंगवाल्यांचे गट आहेत, बागेत भेटी होतात, सोसायटीत पोरं आहेतच. धाकटी लहान-मोठ्या कुणाशीही बोलते. पण तिच्या मैत्रिणी सगळ्या ‘ठरवून भेटायच्या’ आहेत. रोज त्याच बाकावर, आवडो न आवडो, त्याच पोरीशेजारी बसणं तिला माहीत नाही. तालुक्याच्या गावी राहत असाल तर मात्र हा प्रश्न खरंच मोठा होतो. तिथे दिवसा बाहेर दुसरं मूल दिसत नाही.

कायदा, आणि दारात आलेल्या बाई

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, वय ६ ते १४. त्याचं दहावं कलम सांगतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य आहे. पण न घातल्यास पालकांना काही शिक्षा त्या कायद्यात लिहिलेली नाही. होमस्कूलिंगला परवानगी अशी नाही, थेट बंदीचा शब्दही नाही. हजारो घरं या फटीत निवांत राहतात, पण तुम्हाला कागदोपत्री सगळं चोख लागत असेल तर झोप उडेल.

आमच्याकडे एकदा शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला महापालिकेच्या शाळेतल्या एक बाई आल्या. ऊन, हातात फॉर्मांचा गठ्ठा.

‘ताई, मुलगी कुठल्या शाळेत?’

‘घरीच शिकते.’

‘आजारी असते का?’

‘नाही हो.’

‘मग मी इथे काय लिहू?’

फॉर्मात कारणांचे रकाने होते आणि आमचं कारण त्यात नव्हतं. तेवढ्यात धाकटीने आपली पानांची चिकटवही आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. बाईंनी चार पानं उलटली, करंजाचं पान उलटं चिकटवलंय म्हणाल्या, चहा घेतला आणि जाताना मला म्हणाल्या, ‘माझ्या वर्गातली चार पोरं वीटभट्टीवर गेलीत, मी त्यांना शोधत फिरतेय.’ त्यांनी रकान्यात काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

परीक्षा आणि दाखले

हा भाग नीट वाचा, कारण इथेच लोक फसतात.

दहावीसाठी सर्वांत मळलेली वाट म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. १९८९ मध्ये सुरू झालेलं केंद्र सरकारचं मंडळ. दहावीला किमान वय १४, विषय पाच, त्यात एक तरी भाषा हवी. मराठी भाषा विषय म्हणून आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि पाच वर्षांत नऊ वेळा बसता येतं, म्हणजे एकेक विषय सोडवत जाता येतो. तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे टप्पेही आहेत. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. शिवाय आपला जुना १७ नंबरचा फॉर्म आहेच, बाहेरून एसएससीला बसायचा. पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, त्यामुळे कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला ती वाट अवघड. केंब्रिजची आयजीसीएसई ही दहावीच्या तोडीची परीक्षा बाहेरून देता येते, पण प्रत्येक विषयाची फी वेगळी आणि जड.

‘मग पुढे डॉक्टर-इंजिनिअर?’ मुक्त मंडळाच्या बारावीवर इंजिनिअरिंगची जेईई देता येते. डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेला २०१८ मध्ये मुक्त विद्यालयाच्या मुलांना मज्जाव करणारा नियम आला होता, तो दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. म्हणजे दार उघडं आहे, पण कुणीतरी ते मध्येच लोटू शकतं हेही त्यातून दिसलं. मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण सगळे देतात. दहावी-बारावीची गुणपत्रिका नसताना २०१६ मध्ये ती अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. खरं आहे. पण तिच्याकडे संगणक ऑलिंपियाडची आंतरराष्ट्रीय पदकं होती. तुमच्या-माझ्या पोरांकडे ती असतीलच असं नाही, त्यामुळे तिच्याकडे बघून घरचा निर्णय घेऊ नका.

छोट्या गोष्टी जास्त टोचतात. शिष्यवृत्ती परीक्षा शाळेमार्फत. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला शाळेमार्फत. शालेय क्रीडा स्पर्धा तर नावातच शालेय. कुठे बोनाफाईड मागितलं की खिडकीवरचा माणूस आणि आपण एकमेकांकडे बघत बसतो.

आणि एक गोष्ट होमस्कूलिंगच्या गटांत कुणी मोठ्याने बोलत नाही. जातीचा दाखला आणि पुढे जात वैधता काढताना शाळेचा दाखला हा मोठा आधार असतो, कारण त्यावर जात आणि जन्मतारीख लिहिलेली असते. ज्यांना जातीचा दाखला लागणार आहे, त्यांनी किमान प्राथमिक शाळेच्या रजिस्टरमध्ये मुलाचं नाव येऊ द्यावं, मगच काय ते करावं. ज्यांना कधी असा कागद काढावा लागला नाही, तीच मंडळी ‘सर्टिफिकेटचं काय एवढं’ असं म्हणतात.

पैसे

फी, बस, गणवेश वाचतात. शिकवणी, पुस्तकं, गटाच्या सहली, नाचाचा क्लास यात त्यातले बरेच परत जातात. आमच्या घरात धाकटीवरचा उघड खर्च थोरल्याच्या साधारण निम्मा आहे. पण मी पूर्णवेळ नोकरी सोडली, तो पगार या हिशेबात धरला तर ती आमच्या घरातली सर्वांत महाग शाळा आहे. मी हिशेबाचंच काम करते, तरी हा आकडा मांडायला मला तीन वर्षं लागली.

आधी हे बघा

त्रास एका शाळेचा असेल तर दुसरी शाळा बघा. महाराष्ट्रात वेगळ्या वाटेच्या मराठी शाळा आहेत: कोल्हापूरला १९८५ पासून सृजन आनंद, पुण्यात १९९२ पासून अक्षरनंदन, फलटणला कमला निंबकर बालभवन. अडचण इतकीच की अशा शाळांत बालवर्गातच जागा भरतात, मध्येच शिरणं अवघड.

आणि घरी ठेवून बघायचंच असेल तर पहिली ते चौथीच्या वयात बघा. फसलं तर परत जाणं सोपं असतं. शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेबाहेरच्या मुलाला वयाच्या वर्गात घ्यावं लागतं. आठवी-नववीत ‘बघू तर’ म्हणून काढलेली मुलं मी दोन पाहिलीत, दोघांचंही घोंगडं भिजत पडलं. थोरल्याला मी घरी ठेवलं नाही, कारण त्याला वेळापत्रक लागतं. रविवारी तो दुपारी चारपर्यंत कासावीस होतो. आणि दोघं घरी असते तर मी काही भाकरी थापत ‘किशोर’ वाचून दाखवत बसले नसते.

गेल्या महिन्यात सोसायटीतल्या मुलींनी धाकटीला खो-खोत घेतलं. ती पळते चांगली. त्यातली एक म्हणाली, शाळेच्या टीममध्ये असतीस तर जिल्ह्याला गेलो असतो. तेव्हापासून ती थोरल्याच्या मागे आहे, तुमचं वेळापत्रक दाखव, खेळाचा तास कधी असतो. परवा त्याने वहीचं मागचं पान उघडून दिलं. तिने मंगळवार आणि शुक्रवारवर पेन्सिलने गोल केले.

‘थांब,’ तो म्हणाला, ‘शुक्रवारच्या पीटीला गणिताच्या बाई येऊन बसतात. आधीच सांगतो.’

तिने शुक्रवारचा गोल खोडला. मंगळवारचा तसाच आहे.