ॲटलासमध्ये राहायचं तर कुठे: कसबा तमादोत की कसबा दू तुबकाल?

मोरोक्कोत मराकेशला जाणारे आपले लोक हल्ली वाढलेत, आणि मदिन्यातल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्ल्या, मसाले, गालिचे, घासाघीस हे सगळं करून डोकं भणभणलं की प्रत्येकाला डोंगर आठवतो, मग सर्च केलं की हीच दोन नावं सारखी पुढे येतात. दोन्ही हॉटेलं हाय ॲटलास डोंगररांगेत, दोन्ही शहरापासून गाडीने तास-दीड तासावर, दोन्ही जुन्या गढीत (कसबा म्हणजे इथे गढीच). फोटोत तर सख्खे भाऊ वाटतात. पण राहायला गेलात की प्रकार पूर्ण वेगळा आहे, आणि चुकीचं निवडलंत तर पैसे पाण्यात, विशेषतः तमादोतचे.

तमादोत अस्नी गावाजवळ, व्हर्जिन कंपनीवाल्या रिचर्ड ब्रॅन्सनच्या मालकीचं. १९९८ च्या सुमारास तो बलूनमधून जगाला फेरी मारायच्या तयारीसाठी मोरोक्कोत होता तेव्हा त्याच्या आईच्या नजरेत ही गढी भरली आणि तिनेच त्याला ती घ्यायला लावली. आधीचा मालक इटालियन ॲन्टिकवाला, म्हणून आत कोरीव दरवाजे, जुन्या वस्तू, सगळा थाट. २००५ पासून हॉटेल. आत एक आणि बाहेर एक असे पूल, हमाम म्हणजे वाफेचं स्नानगृह आणि स्पा, टेनिस कोर्ट, बाग, शिवाय बर्बर तंबू, ज्यांना तंबू म्हणणं म्हणजे थट्टाच आहे कारण आत व्यवस्थित बाथटब वगैरे असतो. ८ सप्टेंबर २०२३ च्या भूकंपात याचं बरंच नुकसान झालं आणि ऑक्टोबर २०२४ ला पुन्हा उघडलं, तेव्हा कुटुंबांसाठी तीन-तीन बेडरूमचे नवे रियादही, म्हणजे अंगणाभोवतीची मोरोक्कन घरंही, बांधले. त्या भूकंपात जवळजवळ तीन हजार माणसं गेली आणि या खोऱ्यांतली कित्येक गावं पडली, त्यामुळे वाटेत पडझड किंवा नवं बांधकाम दिसलं तर त्यामागे काय आहे ते माहीत असावं.

कसबा दू तुबकाल मात्र रस्ता संपतो तिथून पुढे आहे. इमलील गावात गाडी सोडायची, बॅगा खेचरावर, आणि तुम्ही मागून अक्रोडाच्या झाडांमधून दहा-पंधरा मिनिटं चढ चढत जायचं, चालायला जमत नसेल तर खेचर तुम्हालाही नेतं. उंची साधारण १,८०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही वर झोपायचं. पूर्वी इथल्या कैदचं, म्हणजे स्थानिक सत्ताधीशाचं उन्हाळी घर होतं, १९९५ ला पाहुण्यांसाठी उघडलं. काम करणारे सगळे आसपासच्या अमाझिग, म्हणजे बर्बर गावांतले. बिलावर ५ टक्के गावासाठी घेतात आणि त्यातून गावसंस्थेने ॲम्ब्युलन्स, कचरा उचलणं, सार्वजनिक हमाम अशी कामं केलीत, हे मला फार आवडतं. पण खोल्या साध्या आहेत, चकचकीतपणाची अपेक्षा ठेवू नका. गच्चीवर पुदिन्याचा चहा घेऊन बसलं की समोर थेट तुबकालचा डोंगर, ४,१६७ मीटर, उत्तर आफ्रिकेतलं सगळ्यात उंच शिखर.

ट्रेकवाल्यांनी तर विचारच करायचा नाही, इमलील, म्हणजे कसबा दू तुबकालच. शिखर सहसा दोन दिवसांत होतं, पहिल्या दिवशी ३,२०७ मीटरवरच्या रेफ्यूजला, म्हणजे डोंगरातल्या ट्रेकर्सच्या निवाऱ्यात, मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चढाई. सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्याला उन्हाळ्यात दमायला होईल पण जमेल, हिवाळ्यात मात्र बर्फ असतो, क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांना लावायचे खिळे, लागतात, ते हलक्यात घेऊ नका. २०१८ च्या डिसेंबरात इमलीलजवळ दोन परदेशी पर्यटक तरुणींचा खून झाला, त्यानंतर गाइडशिवाय सोडत नाहीत, वाटेत चौकीवर पासपोर्ट बघतात. शिखर नको असेल तर नुसतं खोऱ्यातल्या गावांमधून पाटांच्या कडेने फिरलं तरी दिवस मस्त जातो.

आई-बाबा बरोबर आहेत, गुडघे दुखतात, किंवा ॲनिव्हर्सरी आहे आणि दिवसभर पूलजवळ लोळायचंय, तर तमादोत. फक्त तिथे राहून दिवसभर बाहेर भटकणार असाल तर कशाला एवढं भाडं? तेवढ्यात तुबकालला निदान दोन-तीन रात्री निघतील. आणि एका रात्रीसाठी तर तमादोत घेऊच नका, दुपारी चेक-इन, सकाळी चेक-आउट, म्हणजे तुम्ही पैसे भरले आणि स्पा दुसऱ्यांनी वापरला.

दारूचं: तमादोतला बार आहे, तुबकालला विकत नाहीत पण स्वतःची नेलीत तर चालते, मराकेशहूनच घेऊन जा.

शाकाहारींनी दोन्हीकडे बुकिंग करतानाच लिहून कळवा, आणि नीट फोड करून कळवा, कारण भाज्यांच्या कुसकुसचा (रव्याच्या बारीक दाण्यांचा पदार्थ) रस्साही मांसाबरोबर शिजवलेला असू शकतो आणि नुसतं व्हेज म्हटलं की मांसाचे तुकडे बाजूला काढून वाढण्याची शक्यता असते. नाश्त्याला चिंता नाही. गरम ब्रेड, मध, ऑलिव्ह आणि अमलू, म्हणजे बदाम, आर्गन तेल आणि मधाची चटणीसारखी पेस्ट, ती एकदा खाल्ली की बरणी विकत घेतल्याशिवाय परतणार नाही तुम्ही.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जानेवारीत तुबकालला रात्री कडाक्याची थंडी, थर्मल न्याच.

बजेट असेल तर दोन्ही करा, पण आधी इमलील, मग खाली उतरून तमादोतला पाय शेकत बसा. उलट्या क्रमाने गेलात तर त्या गादीवरून उठून खेचरामागे चढ चढायला घरातलं कुणीही तयार होणार नाही.