मुलांची कार्गो सायकल: आधी डबल स्टँडवर चढवून पाहा

आमच्या कार्गो सायकलला चौदा महिने झाले. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा अडीचचा. पुढे लाकडी पेटी, पेटीत बाक, पॅडलपाशी मोटर आणि मागे मी. सकाळी शाळा आणि पाळणाघर, संध्याकाळी उलटी फेरी, अधूनमधून बाजार. एकूण २,९०० किलोमीटर झालेत.

घेण्याआधी मी रात्र रात्र मोटरची ताकद, बॅटरीची क्षमता, गिअरची संख्या असलं वाचत बसायचे. ते वाया गेलं असं नाही, पण रोज ज्याच्याशी गाठ पडते ते मी कुठेच नीट वाचलं नव्हतं: सायकल थांबलेली असताना काय होतं? चालू असताना ती अगदी गुणी आहे. मुलं आत बसलेली, रस्ता किंचित तिरका आणि सायकल जागच्या जागी उभी, कस लागतो तो अशा वेळी.

आधी प्रकार सांगते. आम्ही तिन्ही प्रकार मुलांना बसवून तासतासभर चालवले. पुढे पेटी असलेली दुचाकी हा डेन्मार्कमधला १९२०च्या दशकातला जुना नमुना, तिथे तिला ‘लाँग जॉन’ म्हणतात. चालवणाऱ्याच्या पुढे पेटी, तिच्याही पुढे छोटं चाक, आणि हँडलपासून त्या चाकापर्यंत दांडा किंवा केबल. पहिली दहा मिनिटं माझी सायकल सापासारखी वळवळत होती, कारण नजर सारखी पुढच्या चाकावर जात होती. रस्त्यावर लांब बघायला लागले आणि ती सरळ झाली.

दुसरा प्रकार तीनचाकी, दोन चाकं पुढे आणि मध्ये पेटी. कोपनहेगनच्या ख्रिश्चनिया वस्तीत १९८४ साली अशी तीनचाकी तयार झाली आणि पुढे ती वस्तीच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. थांबल्यावर ही पडत नाही, तोल सांभाळायचा प्रश्नच नाही. पण वळताना साधी तीनचाकी आत कलत नाही. वेग थोडा जास्त असला तर आतलं चाक उचलल्यासारखं होतं आणि अंग बाहेर फेकलं जातं. कडेला उतरता रस्ता असेल तर हँडल सतत त्या बाजूला ओढतं. सपाट रस्ता, सावकाश चाल, किंवा चालवणाऱ्याला तोलाची भीती असेल तर हीच घ्यावी. आमच्या वाटेवर दोन तीव्र वळणं आहेत, म्हणून ती बाद झाली.

तिसरा प्रकार लांब कॅरिअरचा, म्हणजे मुलं मागे. चालवायला नेहमीच्या सायकलीसारखा, जागा कमी घेतो, आणि मुलं आठ-नऊ वर्षांची झाली तरी उपयोगी पडतो. पेटीत तोवर त्यांचे गुडघे अडायला लागतात. शहाण्या माणसाने हाच घ्यावा असं मला आजही वाटतं. फक्त कॅरिअरभोवती कठडा हवा आणि टाचा आऱ्यांत जाणार नाहीत असं आवरण हवं, त्यात तडजोड नको. मग आम्ही तो का नाही घेतला? कारण मुलगा तेव्हा दीड वर्षाचाही नव्हता, आणि तो मला पाठीमागे नको होता, डोळ्यांसमोर हवा होता. झोपला, टोपी काढली, बहिणीने चिमटा काढला, सगळं मला दिसतं. त्या दोघांच्या गप्पाही ऐकू येतात. एवढ्यासाठी मी लांबीचा त्रास पत्करला.

लांबी म्हणजे किती, हे आधी जमिनीवर काढून बघा. आम्ही दारात खडूने २.६ मीटर बाय ७० सेंटिमीटरचा चौकोन आखला आणि दोन दिवस तिथे ‘सायकल आहे’ असं धरून वावरलो. दरवाजा अडतो हे तेव्हाच कळलं, आणि ठेवायची जागा बदलली. पायऱ्या चढवून ती न्यायची असेल तर विचारच सोडा, मोटरसकट आमची रिकामी सायकल ४६ किलोची आहे.

वजनाचा हिशेबही तेव्हाच करावा. कागदपत्रांत जास्तीत जास्त ‘एकूण वजन’ किती चालेल ते लिहिलेलं असतं, त्यात सायकल, चालवणारा, मुलं आणि पिशव्या सगळं येतं. माझं ५६, मुलांचं मिळून ३१, पिशव्या ६ आणि सायकल ४६, म्हणजे रोजचे १३९ किलो. बरेच जण फक्त पेटीची मर्यादा बघतात. एवढं ओझं उतारावर थांबवायचं तर हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच हवेत. पुढचे ब्रेकपॅड मी १,८०० किलोमीटरला बदलले. हवा दर रविवारी भरते. तीन आठवडे आळस केला तेव्हा लगेच पंक्चर झालं.

आता पडलो त्याबद्दल. तिसऱ्या आठवड्यात, वेग शून्य असताना. उताराच्या तोंडाशी खडी होती, समोरून एक आजोबा येत होते म्हणून मी थांबले, आणि थांबताना हँडल वळलेलं राहिलं. पेटीचं वजन त्या बाजूला झुकलं. वीतभर कलेपर्यंत धरता आली, त्यापुढे हातांत जोर उरला नाही. मी गुडघा खाली टेकवला आणि सायकल मांडीवरून सावकाश जमिनीवर निजवली. मुलं पट्ट्यांत अडकून तशीच राहिली, पेटीच्या कडेमुळे कुणालाही खरचटलं नाही. मुलगी पांढरीफटक पडली होती. मुलगा म्हणाला, “आई, सायकल झोपली.” आजोबांनी एका बाजूने उचलून दिली. माझे हात घरी पोचेपर्यंत थरथरत होते.

त्या दिवसापासून सीट दोन बोटं खाली आहे, दोन्ही पावलं पूर्ण टेकतात. पॅडल मारताना गुडघे जरा जास्त वाकतात, ते चालतं. थांबायच्या आधी हँडल सरळ. आणि मूल आत असेल तर डबल स्टँड लावल्याशिवाय सायकल सोडायची नाही, चपलेचा पट्टा बसवायचा असला तरी नाही. मुलांचे खांदे, कंबर आणि पायांमधून येणारे पाचही पट्टे लावल्याशिवाय निघायचं नाही.

म्हणून दुकानात सर्वात आधी स्टँड बघा. मुलं आत बसवा आणि स्वतः स्टँडवर चढवा, विक्रेत्याला चढवू देऊ नका. हातांनी ओढून ती चढत नाही. स्टँडच्या दांड्यावर पाय ठेवून अंगाचा भार टाकायचा आणि तेवढ्यात सायकल मागे घ्यायची. माझी उंची पाच फूट एक इंच, मला जमतं, पण आम्ही बघितलेल्या एका सायकलीचं जमलं नव्हतं. ती दिसायला सर्वात देखणी होती. आमच्या स्टँडची स्प्रिंग मात्र आठव्या महिन्यात तुटली आणि सुटा भाग यायला तीन आठवडे लागले. तोवर रबरी दोरीने बांधून काम चालवलं. रोज चार-सहा वेळा वापरायच्या भागाची स्प्रिंग दुकानात नसावी, याचा मला राग आला आणि तो अजून आहे. घेताना स्प्रिंग, ब्रेकपॅड, ट्यूब हे लगेच मिळतं का ते विचाराच.

मोटर पॅडलपाशी असावी हे माझं मत. तिचा जोर गिअरमधून जातो, त्यामुळे चढावर ती दमत नाही. आमचे गिअर मागच्या चाकाच्या आत आहेत, उभ्या उभ्याही बदलतात. चढावर अचानक थांबावं लागलं तर याची किंमत कळते. युरोपच्या नियमाप्रमाणे बनवलेल्या मोटरची मदत ताशी २५ किलोमीटरला बंद होते. मी १८च्या वर क्वचितच जाते. ५०० वॉट-तासांची बॅटरी भरल्या पेटीने साधारण ४० किलोमीटर पुरते, थंडीत त्याहून कमी.

पावसाचं कव्हर घ्यावंच, पण वरची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर आत वाफ धरते आणि उन्हात भट्टी होते. आडव्या वाऱ्यात ते शिडासारखं फुगतं, त्या दिवशी आम्ही सावकाश जातो.

हेल्मेटची एक गोष्ट मला उशिरा कळली. बाकाची पाठ उंच असेल तर हेल्मेटचा मागचा भाग तिला टेकतो आणि मुलाची मान पुढे ढकलली जाते. झोपलं की डोकं छातीवर. पाठीमागे खांद्यांपर्यंतच येईल अशी पातळ उशी ठेवली, मग हेल्मेटला मागे जागा मिळाली. अगदी तान्ह्या बाळाला मात्र यात बसवू नये. आधाराशिवाय बसता यायला हवं, मान धरलेली हवी, आणि तरीही आधी डॉक्टरांना विचारावं.

आता मुलगी स्वतःची सायकल चालवायला लागली आहे. जाताना ती शेजारून येते, पेटीत एकटा भाऊ. परतताना दमली की तिची सायकल पेटीत आडवी घालते, चाक बाहेर डोकावतं, आणि ती भावाच्या शेजारी बसून पट्टा आधी त्याचा लावते, मग स्वतःचा.